तीन दातांचा हिशेब

मोटारगाडीविषयी बोलताना आपण बहुधा तिच्या इंजिनाविषयीच बोलतो. ते साहजिकही आहे. आवाज त्याचा, धूर त्याचा, जाहिरातीत छापलेले आकडे त्याचे, आणि गाडी बंद पडली म्हणजे शिव्याही त्यालाच. परंतु इंजिनातून निघालेली शक्ती गाडीच्या पोटाखालील दांड्यावाटे मागे जाते आणि मागच्या आसाच्या मध्यावर असलेल्या एका फुगीर लोखंडी पेटीत शिरते. चिखलाने माखलेली, तेलाने ओशट झालेली ती पेटी म्हणजे डिफरन्शियल. गॅरेजमधला मिस्त्री हाच शब्द वापरतो, म्हणून मीही तोच वापरतो. जुन्या गाडीत वेगळ्या घराण्यातले इंजिन बसवण्याचा प्रसंग आला म्हणजे या उपेक्षित पेटीची थोरवी एकाएकी ध्यानात येते. इंजिन बदलले आणि पेटी तशीच ठेवली, तर पुष्कळदा खर्च होतो, आवाज वाढतो आणि गाडी मात्र होती तिथेच राहते. असे का व्हावे, हे इंग्लंडमधील एका गाडीच्या इतिहासावरून फार चांगले समजते. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. गाडी परदेशी असली तरी तिचे एक नाते आपल्या ॲम्बॅसडरशी जुळते, हेही ओघात येईलच.

आधी त्या पेटीत काय घडते ते पाहू. आपल्याकडे खळ्यावर मळणी चाले तेव्हा मधोमध तिवडा रोवलेला असे आणि त्याभोवती बैलांची पात फिरत असे. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळे. बाहेरच्या कडेचा बैल मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक वाट तुडवी. म्हणून शेतकरी कडेला तरणा, चपळ बैल लावी. गाडी वळण घेते तेव्हा तिच्या चाकांचेही असेच होते. बाहेरचे चाक अधिक धावते, आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असतील तर त्यांतील एकाला रस्त्यावर घसटत जाण्यावाचून गत्यंतर नाही. पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्वर या यंत्रज्ञाने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची अशी योजना केली की, दोन्ही चाकांना जोर तर मिळावा, पण प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरण्याची मुभाही असावी. पेट्रोलची मोटार जन्माला येण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधीची ही गोष्ट आहे.

त्याच पेटीत दुसरेही एक काम उरकले जाते. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवते. पिनियनला दात थोडे, क्राउनला पुष्कळ. त्यामुळे दांडा तीन-चार वेळा फिरावा तेव्हा रस्त्यावरचे चाक एकदा फिरते. वेग कमी होतो, जोर वाढतो. हे प्रमाण किती असावे, हा गाडी रचणाऱ्याचा फार मोठा निर्णय असतो. प्रमाण मोठे ठेवले तर गाडी घाट सहज चढते, पण सपाट रस्त्यावर इंजिन धापा टाकते. लहान ठेवले तर सपाटीवर इंजिन निवांत राहते, पण चढावर जीव गोळा होतो. इंजिनाचा स्वभाव पाहूनच हे प्रमाण ठरवावे लागते, आणि म्हणूनच इंजिन बदलले की हा जुना करार मोडतो.

आता त्या गाडीकडे वळू. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी एमजी नावाच्या क्रीडागाड्यांचा कारखाना होता. एमजी ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावातली. ज्या विल्यम मॉरिसच्या उद्योगातून पुढे मॉरिस ऑक्सफर्ड निघाली, त्याच्याच घरातली ही धाकटी, खेळकर शाखा. १९५५ साली एमजीए नावाची गाडी निघाली तेव्हा तिच्यात १,४८९ घन सेंटिमीटरचे बी-मालिकेतील इंजिन होते. आमच्या ॲम्बॅसडरच्या पोटात वर्षानुवर्षे धडधडत राहिले ते याच मालिकेतले आणि याच मापाचे इंजिन. कारण ॲम्बॅसडर म्हणजे तिसऱ्या मालिकेच्या मॉरिस ऑक्सफर्डचाच हिंदी अवतार. एक भाऊ सुटीच्या दिवशी दोन माणसांना घेऊन समुद्रकिनारी जाई आणि दुसरा उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघून सचिवालयाच्या पोर्चमध्ये उभा राही. ज्यांनी सरकारी ॲम्बॅसडरमध्ये दौरे केले आहेत, त्यांना इंग्लंडच्या त्या क्रीडागाडीचा आवाज सर्वस्वी परका वाटू नये.

सप्टेंबर १९६२ मध्ये एमजीबी आली. इंजिन तेच, पण वाढवून १,७९८ घन सेंटिमीटर केलेले. शक्ती ९५ अश्वशक्ती. मागच्या पेटीत क्राउनला ४३ दात, पिनियनला ११. म्हणजे प्रमाण ३.९ ला एक. या योजनेत इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी सुमारे १८ मैलांचा वेग गाठी. ताशी शंभर मैलांच्या थोडे पुढे ती जाऊ शके. गाडी लोकप्रिय झाली. १९८० पर्यंत ती पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. परंतु चार सिलिंडरांचे ते लोखंडी इंजिन सरळमार्गी आणि काहीसे मंद होते, आणि ‘हिला आणखी जोर हवा’ ही मागणी पहिल्या दिवसापासूनच होती.

कारखान्याने पहिला प्रयत्न केला तो १९६७ मध्ये. एमजीबीच्याच अंगात २,९१२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवून एमजीसी बाजारात आणली. जोर वाढला, पण इंजिन सुमारे दोनशे पौंडांनी जड होते, आणि तो सारा भार पुढच्या चाकांवर पडला. लांबलचक इंजिन मावेना म्हणून पुढच्या चाकांची टेकणव्यवस्था बदलावी लागली. बॉनेटवर फुगवटा आला. वळणावर गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते, अशी टीका परीक्षकांनी केली. १९६९ मध्ये ती बंद झाली, तोवर सुमारे नऊ हजार गाड्या निघाल्या होत्या. टीका काहीशी कठोर होती असे माझे मत आहे. लांब पल्ल्याच्या प्रवासाला ती गाडी उत्तम होती. पण क्रीडागाडी घेणाऱ्याला प्रवासाची सोय नको असते, वळणाची गंमत हवी असते. एमजीसीने जो धडा दिला तो वजनाचा होता. तिच्या काही गाड्यांत मागच्या पेटीचे एक वेगळे प्रमाण योजले गेले होते, ते पुढे उपयोगी पडले; त्याकडे लवकरच येऊ.

या सुमारास एक इंजिन अमेरिकेतून निर्वासितासारखे इंग्लंडात येऊन पोहोचले होते. जनरल मोटर्सच्या ब्यूक शाखेने १९६१ च्या गाड्यांसाठी आठ सिलिंडरांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, ॲल्युमिनियमचे इंजिन तयार केले. क्षमता २१५ घन इंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर, आणि वजन आश्चर्यकारक रीतीने कमी. परंतु त्याचे ओतकाम खर्चाचे आणि कटकटीचे ठरले. दरम्यान पातळ भिंतीचे लोखंडी ओतकाम स्वस्तात जमू लागले, आणि १९६३ नंतर अमेरिकनांनी ते इंजिन सोडून दिले. रोव्हर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट हे भलत्याच कामासाठी अमेरिकेतील मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात गेले असता, तिथे त्यांच्या दृष्टीस हे टाकून दिलेले इंजिन पडले. त्यांनी त्याचे माप घेतले. जानेवारी १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क मिळवले, ब्यूकमधील अभियंता ज्यो टर्ली इंग्लंडला मदतीस गेला, आणि रोव्हरने आपल्या सवयीच्या वाळूच्या साच्यातील ओतकामानुसार त्याची रचना बदलून घेतली. १९६७ पासून ते रोव्हरच्या गाड्यांत आणि १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये दिसू लागले. एका देशाने अडगळीत काढलेली वस्तू दुसऱ्या देशाला चाळीस वर्षे पुरली. उद्योगाच्या इतिहासात असे योग विरळा.

एमजी आणि रोव्हर यांचा तोवर काही संबंध नव्हता. तो १९६८ मध्ये जुळला. त्या वर्षी ब्रिटिश लेलँड या महासंस्थेत दोन्ही घराणी एका छताखाली आली. तरीही ॲल्युमिनियमचे ते इंजिन एमजीबीत घालण्याची कल्पना संस्थेच्या दप्तरातून निघाली नाही. केंट परगण्यातील केन कॉस्टेलो या शर्यतीच्या नादाच्या कारागिराने १९७० च्या सुमारास ते स्वतःच्या हिकमतीने करून दाखवले आणि गिऱ्हाइकांसाठी अशा गाड्या बांधायलाही सुरुवात केली. जड सहा सिलिंडरी इंजिनाने जिथे घोटाळा केला होता, तिथे हे दुप्पट क्षमतेचे इंजिन जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनाइतक्याच वजनात बसले. वरिष्ठांनी कॉस्टेलोची गाडी मागवून पाहिली आणि मग ॲबिंग्डनला तशीच गाडी बनवण्याची आज्ञा झाली. मोठ्या संस्थेत नवा विचार वरून खाली येतो असा समज आहे. शासनात काही वर्षे काढलेल्या माणसाचा त्यावर फारसा विश्वास उरत नाही.

ऑगस्ट १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ जाहीर झाली. इंजिन ३,५२८ घन सेंटिमीटरचे, १३७ अश्वशक्तीचे. कॉस्टेलोच्या पहिल्या गाड्यांत कार्ब्युरेटर वर येत असल्यामुळे बॉनेटला फुगवटा द्यावा लागे. ॲबिंग्डनच्या अभियंत्यांनी कार्ब्युरेटर मागच्या बाजूस नेऊन बॉनेट सपाट ठेवले. ही करामत डोळ्यांना दिसते, म्हणून तिचे कौतुकही झाले. खरी करामत मात्र मागच्या पेटीत होती. क्राउनचे दात ४३ च राहिले. पिनियनचे दात ११ होते, ते १४ झाले. प्रमाण ३.९ वरून ३.०७ वर आले. एमजीसीच्या काही गाड्यांत वापरलेले होते ते हेच.

या तीन दातांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. व्ही-८ इंजिन आपली सर्वाधिक शक्ती मिनिटाला ५,००० फेऱ्यांना देते. त्यापलीकडे ते फारसे जात नाही, जाऊ इच्छीतही नाही. जुनी पेटी ठेवली असती तर या फेऱ्यांना गाडीचा वेग वरच्या गिअरमध्ये ताशी ९० मैलांच्या आसपास भरला असता. साधी चार सिलिंडरांची एमजीबी शंभरापलीकडे जात होती! म्हणजे दुप्पट क्षमतेचे इंजिन बसवून, ओव्हरड्राइव्हचा आधार सोडला तर, गाडी उलट कमी वेगवान झाली असती. चौदा दातांच्या पिनियनने तोच आकडा ११४ मैलांवर नेला, आणि ओव्हरड्राइव्ह जोडल्यावर गाडीने ताशी सुमारे १२४ मैल, म्हणजे २०० किलोमीटर, गाठले. ताशी ६० मैलांच्या सरळ प्रवासात जुन्या इंजिनाच्या जवळजवळ ३,३०० फेऱ्या होत. नव्याच्या सुमारे २,६०० पुरत. गाडी शांत झाली ती यामुळे.

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. नव्या इंजिनाचा पीळ जुन्याच्या पावणेदोन पट होता. पेटी या पिळाला आपल्या प्रमाणाने गुणते आणि तो गुणाकार चाकांकडे जाणाऱ्या अर्ध्या दांड्यांवर पडतो. जुन्याच प्रमाणाने गुणले असते तर त्या दांड्यांवर पावणेदोन पट भार आला असता. प्रमाण कमी केल्याने तो सव्वापटीच्या थोडा वर, जवळपास १.४ पट एवढाच राहिला. म्हणजे आस बदलला नसतानाही त्याचे आयुष्य राखले गेले. गिअरबॉक्सच्या वाट्याला मात्र ही सवलत आली नाही; तो पेटीच्या आधी येतो, त्यामुळे सारा पीळ त्याला सोसावा लागला. या गाडीचे दुबळे अंग कोणते असे विचारले तर जाणकार आजही गिअरबॉक्सकडेच बोट दाखवतात. कारण वर सांगितलेल्या गुणाकारातच आहे.

इतके सारे जमूनही गाडीला काळ लाभला नाही. जाहीर झाल्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. मोठ्या इंजिनाची गाडी घेणे म्हणजे उधळपट्टी वाटू लागली. अमेरिकेच्या बाजारात ती कधी उतरलीच नाही. १९७६ मध्ये ती बंद झाली, तेव्हा एकूण २,५९१ गाड्या बाहेर पडल्या होत्या. ॲबिंग्डनचा कारखानाही १९८० मध्ये मिटला. विशेष असे की, १९९२ मध्ये रोव्हर उद्योगसमूहाने हीच कल्पना पुन्हा उकरून आरव्ही-८ नावाची उघडी गाडी काढली, तेव्हा साडेतीनाऐवजी ३.९ लिटरचे इंजिन घेतले आणि त्याबरोबर पेटीही बदलली. या वेळी दातांबरोबर आतली रचनाही निराळी होती. साध्या डिफरन्शियलचा एक जन्मजात दोष आहे: दोन्ही चाकांना तो जोर सारखाच वाटतो, त्यामुळे एक चाक निसरड्यावर फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच दुबळा जोर मिळतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर सरकारी जीप रुतते, एक चाक चिखल उडवीत गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर ढिम्म उभे असते, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. आरव्ही-८ मध्ये फिरत्या चाकाला आवर घालून धरत्या चाकाकडे पीळ वळवणारी पेटी होती. सुमारे दोन हजार गाड्या बनल्या, आणि त्यांतील बहुसंख्य जपानात गेल्या.

आता आपल्याकडे येऊ. ॲम्बॅसडरचे इंजिनही बदलले गेले. १९९० नंतरच्या दशकात इसुझूच्या आराखड्याचे १,८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि त्याबरोबर पाच गिअरांचा गिअरबॉक्स तिला मिळाला. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यातील उत्पादन थांबेपर्यंत तो संसार चालू होता. परंतु कारखान्याबाहेर, गावोगावच्या गॅरेजांत, याहून मोठे परिवर्तन घडले. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, या तफावतीपायी अनेकांनी ॲम्बॅसडरचे पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेलचे बसवले. पुण्यात बनणाऱ्या मॅटेडोरचे इंजिन यासाठी पुष्कळांच्या पसंतीस उतरले. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देते आणि लवकर थकते. म्हणजे इथेही पिनियनचे दात वाढवण्याचीच गरज होती. ज्या मिस्त्रींनी ते ओळखले, त्यांच्या गाड्या शांतपणे धावल्या. ज्यांनी ओळखले नाही, त्यांच्या गाड्या पन्नाशीतच किंचाळू लागत. या मिस्त्रींपैकी अनेकांनी अभियांत्रिकीचे पुस्तक उघडले नसेल. पण दांड्यावर खडूने खूण करून आणि चाक हाताने एकदा फिरवून ते पेटीचे प्रमाण काढीत. पद्धत अगदी बिनचूक आहे.

यात कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निर्णय दिला. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम झाले. त्यांतही गाडी मूळ रूपात असावी, इंजिनासारख्या भागात मोठी उलथापालथ झालेली नसावी, अशी अट आहे. हेतू योग्यच आहे. इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक हीच गाडीची जन्मपत्रिका असेल तर ती वाटेल तशी खोडू देता येणार नाही.

पण ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हा प्रश्न एमजीबीने अवघड करून ठेवला आहे. कॉस्टेलोने बांधलेली गाडी ही फेरफार केलेली गाडी. तिचेच अनुकरण करून कारखान्याने काढलेली २,५९१ गाड्यांची मालिका मात्र अस्सल. कालक्रमाने पाहिले तर अस्सल गाडी नकलेनंतर जन्मली. शिवाय गाडीचे गाडीपण कशात आहे, याविषयी सर्व देशांचे मत सारखे नाही. ब्रिटनच्या परिवहन खात्याने अनेक वर्षे यासाठी गुणांची पद्धत चालवली होती. मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक राखायचा असेल तर तिच्यातील जुन्या भागांचे किमान आठ गुण भरावे लागत. मूळ चासीला किंवा अखंड सांगाड्याला पाच गुण; टेकणव्यवस्था, आस, गिअरबॉक्स आणि सुकाणू यांना प्रत्येकी दोन; आणि ज्याच्याविषयी आपण सारे एवढे बोलतो त्या इंजिनाला फक्त एक.

माझ्यापुरते सांगायचे तर, जुन्या ॲम्बॅसडरचे इंजिन चांगले बांधता येत असेल तर ते बदलू नये, अशा मताचा मी आहे. बदलणे भागच असेल तर परवानगी घ्यावी, नवा क्रमांक नोंदणीपत्रात चढवून घ्यावा, आणि इंजिन उचलण्यापूर्वी मागच्या पेटीचे झाकण उघडून दात मोजावेत. उतरवलेले क्राउन-पिनियन भंगारवाल्याला न देता तेलाच्या फडक्यात गुंडाळून, दोन्ही एकत्रच ठेवावे. ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. त्यांतले एक हरवले की दुसरे निरुपयोगी होते.